लाल पिशवीतले पाच पेरू

सुट्टीच्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला दुबईतल्या अल बर्शात उपेंद्रच्या व्हिलासमोर एवढ्या गाड्या लागल्या, की शेजारच्या अरबी म्हाताऱ्याने कोणाचं लग्न आहे म्हणून चौकशी केली. लग्न वगैरे काही नव्हतं. मागच्या बागेत पेरू कापायचे होते. त्यासाठी सत्तरएक माणसं सतरंज्यांवर मांडी घालून बसली होती, बायका जरीच्या साड्यांत आणि पुरुष ऑफिसच्या पँटवर कुर्ता घालून. २००९ सालचा मार्च महिना होता. जमलेल्यांपैकी निम्म्यांना गेल्या चार महिन्यांत टर्मिनेशन लेटर मिळालं होतं आणि उरलेल्यांना ते कधी मिळेल याची धास्ती होती.

मी पहिल्या निम्म्यातला. आमच्या कंपनीचा टॉवर बाविसाव्या मजल्यावर थांबला आणि त्याच्याबरोबर मीही. बायको शुभ्रा आणि मुलगी पुण्याला निघून गेल्या होत्या, भाड्याचा फ्लॅट सोडला होता, आणि नोटीस पिरियड संपेपर्यंत कॉलेजमित्र उपेंद्रने त्याच्या घरात एक खोली दिली होती. वाईट वाटायचं म्हणावं तर तेही वाटत नव्हतं. सकाळी दाढी करायचो, कारण दाढी करायची सवय होती. मग दिवसभर बागेकडे बघत बसायचो.

त्याच बागेत श्री फलदर्शी महाराज उभे होते. ते व्हिजिट व्हिसावर आले होते, पर्यटक म्हणून. येताना शर्ट-पँट घालून आले आणि उपेंद्रच्या बाथरूममध्ये जाऊन रेशमी वस्त्रं नेसून बाहेर पडले. असले प्रकार पोलिसांना कळले तर इथे सरळ आत टाकतात, म्हणून एसएमएसमध्ये कार्यक्रमाचं नाव ‘फॅमिली गेट-टुगेदर’ असं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी ते पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी झाडाचा एक पेरू कापून आतल्या अळ्या दाखवल्या होत्या आणि घरावर करणी आहे असं सांगितलं होतं. करणी करणारा घरात वावरणाराच आहे, म्हणाले. मग त्यांनी पाच हिरवे पेरू निवडले, एकेकाला एकेकाचं नाव दिलं आणि झाडावरच लाल कापडाच्या पिशवीत बांधून टाकले. एक उपेंद्रचा, एक त्याची बायको मुग्धा हिचा, एक माझा. एक मुग्धाची मैत्रीण व्हेरोनिका हिचा, आणि तोही तिला न विचारता, कारण ती रोज येऊन-जाऊन असायची. पाचवा हव्वाबीचा. हव्वाबी चिपळूणकडची, या घरात आठ वर्षं स्वयंपाक आणि वरकाम करणारी. आज पिशव्या सोडायच्या होत्या. ज्याचा पेरू नासका निघेल, तो दोषी.

“फळ खोटं बोलत नाही,” महाराज म्हणाले. “माणूस बोलतो. बँक बोलते. एच.आर. तर बोलतंच बोलतं.”

लोक हसले. मीही हसलो असेन.

“तुम्ही रिसेशन रिसेशन करता. अहो, अमेरिकेत कोणी घराचे हप्ते भरले नाहीत, म्हणून अल बर्शातल्या माणसाची नोकरी जाते? लॉजिक लावा जरा! काही संबंध आहे का? आणि इथे, तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या पाठीमागे कोणी काही पुटपुटतंय, त्याचा संबंध नाही?”

माझ्या पुढच्या रांगेतल्या एका डेंटिस्टने मान डोलावली. गंमत अशी, की संबंध होता तो अमेरिकेतल्या हप्त्यांचाच. पण तो समजून घ्यायला चार पानं वाचावी लागतात. पेरू कापायला एक सुरी पुरते.

उपेंद्रचा पेरू कापला. आतून पांढराशुभ्र, वासही छान. मुग्धाचा स्वच्छ. व्हेरोनिकाचा स्वच्छ. मग माझं नाव पुकारलं. खरं सांगायचं तर कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मला भीती वाटली. पेरू स्वच्छ निघाला आणि मला बरं वाटलं. मी इंजिनिअर माणूस, माझा या कशावर विश्वास नाही, आणि तरी मला बरं वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

पाचवी पिशवी महाराजांनी सावकाश सोडली. पेरू सगळ्यांसमोरून फिरवला. “साल बघा. कुठे भोक? कुठे चीर? पिशवीची गाठ माझी. आत शिरणार कोण?” मग सुरी चालवली. आतला गर तपकिरी, लिबलिबीत झालेला, आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दोन-तीन अळ्या ताटात पडल्या, अंगाची गुंडाळी केली आणि टणकन वीतभर उंच उडाल्या. बायका किंचाळल्या. कोणीतरी मोठ्याने रामरक्षा म्हणायला लागलं.

“जिवंत करणी!” महाराज गरजले. “उडतेय बघा! मालकाकडे परत जायला उडतेय!”

हव्वाबी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. सत्तर माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. तिने ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली.

मुग्धा मुळात वाईट बाई नाही. पण उपेंद्रची नोकरी गेल्यापासून चार महिने तिला झोप नव्हती, आणि महाराजांनी आधीच फोनवर घरात कोण, कधीपासून, कोणाचं वागणं कसं, हे सगळं तिच्याकडून काढून घेतलं होतं. हव्वाबी संध्याकाळी झाडांना पाणी घालताना काहीतरी पुटपुटते, हे मुग्धानेच सांगितलं होतं. ती दुआ पुटपुटायची, आणि ती या घरासाठीही असायची, हे मुग्धालाही माहीत होतं.

“तिला पाठवून देऊ,” मुग्धा हळू आवाजात उपेंद्रला म्हणाली. “मला भीती वाटते रे.”

उपेंद्रने मान हलवली. तो हल्ली सगळ्यालाच मान हलवायचा. तिकीट पंधरा दिवसांनंतरच्या शनिवारचं मिळालं. व्हिसा रद्द करून हव्वाबी गावी जाणार, आणि करणी केली म्हणून हाकलली ही बातमी तिच्या आधी पोचणार. तिच्या गावच्या पंचवीस बायका आखातात कामाला होत्या. पुन्हा तिला कोणी दारात उभं केलं नसतं.

मी तिथेच होतो. काही बोललो नाही.

कार्यक्रम संपल्यावर सहा नव्या कुटुंबांनी नावं नोंदवली. दोनशे एकावन्न दिरहॅम, म्हणजे पस्तीसशे रुपये, असं प्रत्येकजण हिशेब करून म्हणत होता आणि देत होता. महाराज झाडाशी जाऊन नवे पेरू निवडायला लागले; त्यांच्या पिशव्या पंधरवड्यानंतरच्या शुक्रवारी सोडायच्या होत्या. मागच्या बाजूला व्हेरोनिकाचा नवरा ग्रेगरी बटाटेवडा खात उभा होता. ग्रेगरी वसईचा, देरा भागातल्या एका हॉटेलात फळं-भाज्यांचा माल उतरवून घेतो. बायकोचं नाव झाडाला टांगलंय हे कळल्यावर तो तणतणत आला होता. पण आता तो महाराजांच्या हाताकडे बघत होता.

नासका पेरू चौरस्त्यावर टाकून मागे न बघता परत यायचं, हे काम माझ्याकडे आलं, कारण मला दुसरं काम नव्हतं. अल बर्शात चौरस्ता कुठला? राउंडअबाउट आहे, आणि तिथे कचरा टाकला तर पाचशे दिरहॅम दंड, म्हणजे सात हजार रुपये. मी प्लास्टिकच्या पिशवीत पेरू घेऊन फाटकाशी विचार करत उभा राहिलो.

“दे इकडे,” मागून ग्रेगरी म्हणाला.

“अरे, हा तो...”

“ठाऊक आहे कुठला तो. शैलेंद्र, तू त्या माणसाचा अंगठा बघितलास? पेरू हातात धरायचा, अंगठ्याने गोल फिरवायचा, मध्येच थांबायचं. मी रोज सकाळी सहाला हेच करतो. शंभर क्रेट असतात, प्रत्येक क्रेटमधले चार पेरू असे फिरवायचे. डंख शोधायला.”

“कसला डंख?”

“माशीचा. टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असतो, बाजूला जराशी खोलगट जागा. दिसला की क्रेट परत. आणि लाल पिशवीचं म्हणशील, तर आमच्या वाडीत माझा बाप पेरू कोवळे असतानाच त्यांना पिशव्या बांधायचा, माशी बसू नये म्हणून. तुमचा महाराज महाराज नाही, हबीबी. बागायतदार आहे नाहीतर नर्सरीवाला.”

“मग आत जाऊन सांग ना सगळ्यांना!”

“काय सांगू? हॉटेलचा माल उतरवणारा सांगतो म्हणून ऐकतील? दाखवायला पायजे. आणि मला तरी कुठे खात्री आहे? मी डंख ओळखतो. आतून कुठली माशी निघते ते मी कधी बघितलेलं नाही.”

तो पेरू अल कुसैसला ग्रेगरीच्या घरी गेला. त्याची मुलगी मरिसा नववीत होती आणि तिच्याकडे शाळेच्या प्रोजेक्टसाठी घेतलेलं भिंग होतं. तिने लोणच्याच्या रिकाम्या बरणीत समोरच्या मोकळ्या प्लॉटमधली वाळू चाळून घातली, वर पेरू ठेवला आणि तोंडाला मलमलचं कापड बांधलं. मी रोज मेट्रोच्या खोदकामातून वाट काढत तिथे जायला लागलो. जाण्यासारखं दुसरं ठिकाण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बरणीभोवती बारीक माश्या घोंगावताना दिसल्या.

“ही तर चिलटं आहेत,” मी म्हणालो. “ओट्यावर केळी ठेवली की येतात ती. पेरूत हीच असणार. खलास, झालं काम.”

मरिसाने भिंग लावलं. “नो अंकल. दीज केम फ्रॉम आउटसाइड. रेड आइज, सो टायनी. आणि इफ इट इज धिस फ्लाय, वुई लूज.”

“का?”

“बिकॉज धिस वन लेज एग्ज ओन्ली ऑन रॉटन फ्रूट. शी कॅनॉट मेक अ होल इन हार्ड ग्रीन फ्रूट. मग तुमचे महाराज राइट. हाऊ डिड दे गेट इन?”

ती बोलली ते खरं होतं. माझ्या घाईने चिलटाचं नाव घेऊन आम्ही शुक्रवारी उभे राहिलो असतो, तर महाराजांनी एका प्रश्नात आम्हाला झोपवलं असतं. अंधश्रद्धेविरुद्ध चुकीचं विज्ञान सांगणं म्हणजे महाराजांचंच काम फुकटात करणं. 

मरिसा उपेंद्रच्या बागेतही येऊन गेली. वाटीत व्हिनेगर आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घालून तिने चिलटं पकडली. ओल्या कुंड्यांशी पिवळा चिकट कागद लावून लांब पायांच्या काळ्या बारीक माश्या पकडल्या. त्यांच्या अळ्या मातीतली बुरशी खातात, फळाशी त्यांचा संबंध नाही. दोन्ही प्रकार तिने वहीत चिकटवले, शेजारी मोजमाप लिहिलं आणि तिसरी जागा रिकामी ठेवली.

बरणीत अळ्या पेरूतून निघून वाळूत शिरल्या. चार दिवसांनी वाळू हलवली तर अळ्या नव्हत्या, गव्हापेक्षा लहान तपकिरी दाणे होते. ते तसेच पडून राहिले. दहावा दिवस गेला, बारावा गेला. उपेंद्रच्या घरी हव्वाबी तिची पत्र्याची ट्रंक भरत होती. तिच्या हातचं जेवायला मुग्धा आता तयार नव्हती, म्हणून आम्ही बाहेरून डबा मागवायचो आणि हव्वाबी तो वाढायची. मी तिच्या नजरेला नजर देत नव्हतो.

गुरुवारी संध्याकाळी ग्रेगरीचा फोन आला. “यल्ला, ये लवकर.”

बरणीत कापडाला आतून सात माश्या चिकटल्या होत्या. घरमाशीपेक्षा किंचित लहान, लालसर तपकिरी, खांद्यामागे पिवळा पट्टा. मरिसा भिंगातून बघत एकेक गोष्ट मोठ्याने सांगत होती आणि वहीत लिहीत होती. पंख पारदर्शक, काचेसारखे, आणि प्रत्येक पंखाच्या टोकाला एकच तपकिरी ठिपका. चार माश्यांच्या पोटाच्या शेवटी टोकदार सुई. ग्रेगरीच्या हॉटेलात फळं पुरवणाऱ्या कंपनीने लावलेला किडींचा तक्ता त्याने गुंडाळी करून आणला होता. तक्त्यातलं तिसरं चित्र आणि बरणीतली माशी, दोन्ही आम्ही आलटून पालटून बघितलं. फळमाशीच होती. त्या सुईने ती कडक हिरव्या पेरूच्या सालीला टोचते, आत अंडी घालते, आणि टोचलेली जागा मिटून जाते.

 फार दिवसांनी मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. तीच बाग, तीच गर्दी, उलट थोडी जास्तच. महाराज पहिल्या नव्या पिशवीला हात घालणार, तेवढ्यात मी उभा राहिलो. “महाराज, पाच मिनिटं. त्याआधी ग्रेगरीला काही पेरू कापायचेत.”

“मध्ये विघ्न आणू नका. फलदर्शन चालू झालंय.”

“पाचच मिनिटं,” उपेंद्र म्हणाला. तो चार महिन्यांत पहिल्यांदा नुसती मान हलवण्याऐवजी काही बोलला होता.

ग्रेगरीने झाडावरून, पिशवी नसलेले, आठ पेरू तोडले. एकेक हातात घेऊन अंगठ्याने फिरवला. पाच उजव्या ताटात ठेवले, तीन डाव्या. “उजवीकडचे अळीचे. डावीकडचे स्वच्छ. मंत्र मला येत नाहीत, मी नुसता बघून सांगतो. आता कापा.”

उजवीकडचे पाचही नासके निघाले. अळ्या उडाल्या, पण या वेळी कोणी किंचाळलं नाही. डावीकडचे दोन स्वच्छ. तिसऱ्यात एक बारकी अळी.

“चुकलो,” ग्रेगरी म्हणाला. “डंख देठाखाली होता, दिसला नाही. मी चुकतो. म्हणून मी पेरूवरून माणूस ओळखत नाही.”

मग त्याने सगळं उलगडून सांगितलं. माशी बसायच्या आधी पिशवी बांधली तर फळ स्वच्छ राहतं. माशी टोचून गेल्यावर बांधली तर अळ्या आत कोंडल्या जातात, आणि पंधरा दिवसांत मोठ्या होतात. ज्याला वाचवायचं त्याला बिनडंखाचा पेरू, ज्याला अडकवायचं त्याला डंखाचा. मरिसाने वही आणि बरणी रांगांमधून फिरवली. डेंटिस्टने भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही.

व्हेरोनिका उठली. उजव्या ताटातलं सगळ्यांत वळवळणारं अर्धं फळ तिने उचललं आणि महाराजांसमोर ठेवलं. “माझं नाव मला न विचारता लावलंत ना? हा घ्या, तुमच्या नावाचा.”

महाराज अनुभवी होते. घाम पुसून म्हणाले, “माशी आहे, मान्य. पण माशी पाठवली कोणी? दुनिया का नियम है, बिना भेजे कुछ आता नहीं!”

आणि सांगायला वाईट वाटतं, दोन-चार माना हलल्याच.

“नोबडी सेंट हर, अंकल,” मरिसा म्हणाली. “शी केम टु लेज एग्ज. माश्या लेटर वाचत नाहीत.”

“मग एवढंच सांगा,” ग्रेगरी म्हणाला, “तुम्ही पेरू निवडताना अंगठ्याने काय शोधत होता?”

महाराजांचा मोबाइल वाजला, किंवा त्यांनी वाजतोय असं दाखवलं. बोलत बोलत ते बाथरूमकडे गेले, शर्ट-पँटमध्ये बाहेर आले आणि फाटकातून गेले ते गेलेच. सहा कुटुंबं आपापल्या लाल पिशव्या सोडायला झाडाशी गेली. 

उपेंद्र सतरंजीवर बसून राहिला. “शैलू,” तो म्हणाला, “मग माझी नोकरी कोणी घालवली?”

“कोणीच नाही. तुझ्या कंपनीचे पैसे बँकेने थांबवले. तिच्या पैशांचा झरा दुसऱ्या बँकेने थांबवला. त्यात तुझ्यावर रागावलेलं कोणीच नाही.”

त्याने तोंड हातात लपवलं. मला त्याचं दुःख कळत होतं, कारण माझंही तेच होतं. शत्रू असता तर बरं झालं असतं. आपलं कोणी काही वाईट केलं नाही आणि तरी सगळं गेलं, हे मान्य करायला करणीपेक्षा जास्त धीर लागतो. महाराजांनी आम्हाला शत्रू विकला होता, आणि तो शोधायला आम्ही घरातल्या सगळ्यांत गरीब माणसाकडे बोट दाखवलं होतं.

मुग्धा स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो. हव्वाबी ट्रंकेला दोरी बांधत होती.

“हव्वाबी, माझं चुकलं,” मुग्धा रडत म्हणाली. “तिकीट रद्द करते. तू जाऊ नकोस. त्या अळ्या माशीच्या होत्या गं, ग्रेगरीने सगळ्यांना दाखवलं, माशी आत अंडी घालते...”

“ठाऊक आहे, ताई.”

“तुला कुठे ऐकू आलं आतमध्ये?”

“ऐकायला कशाला लागतंय? आमच्या परड्यात दोन पेरू आहेत. पाऊस संपला की सगळ्या फळांत अळ्या. आई जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची फळांना. त्या बाबाने पिशव्या बांधल्या ना, तेव्हाच कळलं मला.”

 मग मीच विचारलं, “मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

हव्वाबीने दोरीची गाठ ओढून पक्की केली. “बोलले असते, तर म्हणाले असते, बघा, हिलाच कसं सगळं ठाऊक. आणि भाऊ, तुम्ही सगळे तिकडे बसला होता. मला कोणी विचारलं का?”

ती शनिवारी गेली. मुग्धाने पुष्कळ विनवण्या केल्या, उपेंद्रने हात जोडले, पण ती म्हणाली, ताई, तिकीट राहू द्या. विमानतळावर मी तिला सोडायला गेलो, तर ट्रंकही तिने मला उचलू दिली नाही.

त्या बागेत तीन इंजिनिअर, एक डेंटिस्ट, दोन अकाउंटंट आणि एमबीए झालेले कितीतरी लोक होते. आमच्यातल्या एकानेही दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या बाईला एक साधा प्रश्न विचारला नाही. विवेक म्हणजे जाड पुस्तकं वाचणं नव्हे. समोर अचाट काही घडलं तर हे कसं झालं असं विचारणं, आणि ज्याच्यावर बोट ठेवलंय त्याला आधी विचारणं, एवढंच. भिंग नंतर आणता येतं.